पिकाची आणेवारी : नजरेपासून नमुन्यापर्यंत



शाळामास्तराला पिकाच्या आणेवारीशीं काय कर्तव्य, असें आपणांस वाटेल. परंतु आमच्या फुलंब्रीकडील कोणत्याहि शिक्षकास विचारून पाहावें. पिकाचा आंकडा शाळेच्या उंबरठ्यापर्यंत चालत येतो, असेंच तो सांगेल. माझ्या नोकरीच्या काळांत खरिपाची अंतिम आणेवारी, नव्या नाण्यांच्या हिशेबानें पैसेवारी, पन्नास पैशांच्या आंत लागली, कीं गांव टंचाईच्या यादींत बसे. मग शेतसाऱ्यांत सूट, विजेच्या बिलांत सवलत, कर्जवसुलीस स्थगिति, आणि सर्वांत शेवटीं आमच्या खात्यांतली एक गोष्ट, मुलांची परीक्षा-फी माफ. आंकडा एकावन्न लागला, तर यांपैकीं कांहींच नाहीं. दोन शेजारच्या गांवांची शीव म्हणजे एक बांध. बांधाच्या अलीकडच्या मुलाची फी माफ होई आणि पलीकडच्या मुलाचा बाप शेळी विकून फी आणून देई. पावसानें मात्र दोघांच्याहि शेतांकडे सारखीच पाठ फिरविलेली असे. असे दोघे एकाच बांकावर बसलेले मीं पाहिले आहेत. त्यांतल्या दुसऱ्यानें एकदां मला विचारलें, "गुरुजी, आमचे एकावन्न पैसे कोणीं मोजले? आणि कशानें मोजले?"

त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कॉलेजांतलें गणित माझ्या वाट्यास आलें नाहीं. निवृत्त झाल्यावर हातीं वेळ आला, तेव्हां त्या प्रश्नाचा माग काढीत गेलों. तो माग निघाला आमच्या शेजारच्या खडकीपासून थेट लंडनपर्यंत, आणि तेथून परत अकोल्याच्या कापसाच्या रानांत. आज तोच आपणांस दाखवावयाचा आहे.

खडकी हें गांव १६१० सालीं निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें राजधानी म्हणून नांवारूपास आणलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें आणि आज छत्रपति संभाजीनगर आहे. मलिक अंबराचें नांव आपण गनिमी काव्यासाठीं आणि पाण्याच्या नहरीसाठीं ऐकतों. माझ्या मतें त्याची खरी बुद्धि जमाबंदींत दिसते. मक्तेदारांकडून सारा वसूल करण्याची रीत त्यानें मोडली, प्रत्यक्ष पिकाचा एक मध्यम हिस्सा धान्यरूपानें घेण्यास आरंभ केला, आणि कित्येक हंगामांचा अनुभव गांठीं जमल्यावर मगच त्या हिश्शाची नक्त रक्कम बांधून दिली. 'कित्येक हंगाम' या दोन शब्दांत सगळें आलें. एका सालचें पीक लहरी असतें; त्यावरून जमिनीचा कस ठरविणें म्हणजे एका दिवसाच्या हजेरीवरून मुलाचें वर्ष ठरविणें होय. अनेक सालांची सरासरी मात्र स्थिर होत जाते. नोंदी जितक्या अधिक, तितका सरासरीवरचा भरवसा अधिक, हें ज्ञान त्या वजिराला व्यवहारानेंच झालें असलें पाहिजे.

परंतु ज्याला या सालचा निकाल याच सालीं लावावयाचा आहे, त्याला कित्येक हंगाम थांबतां येत नाहीं. यंदा दुष्काळ होता कीं नव्हता, हें दहा वर्षांनीं कळून कोणाची चूल पेटणार?

मुंबई इलाख्यांतील इंग्रजी अंमलांत या अडचणीवर आणेवारी हा उपाय रूढ झाला. निजामाच्या मुलुखांतहि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि धारा-बंदोबस्त झाला. आणेवारींत भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. त्याच्या मानानें यंदाचें किती आणे, एवढें ठरवावयाचें. ठरवावयाचें कोणीं? महसुलाच्या अंमलदारानें. कशानें? नजरेनें. गांवकऱ्यांनाहि नजर होती, पण ती पडली सारा भरणाराची नजर. सोळा आणे पीक प्रत्यक्षांत कोणीं केव्हां पाहिलें, असें मीं अनेक वृद्ध शेतकऱ्यांस विचारून पाहिलें आहे; प्रत्येक जण आपल्या आजोबांकडे बोट दाखवितो.

या दोन नजरांचें भांडण केवढें पेटूं शकतें, हें १९१८ सालीं मुंबई इलाख्याच्याच खेडा जिल्ह्यांत दिसलें. १९१७ च्या अतिवृष्टीनें तेथलें पीक बुडालें. नियम असा होता कीं, पीक चार आण्यांच्या आंत असेल, तर त्या सालचा सारा पूर्ण तहकूब व्हावा. पाटीदार म्हणत, पीक चार आण्यांच्या आंत आहे. अंमलदार म्हणत, वर आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनीं स्वतः चौकशी केली, व रयतेचें म्हणणें त्यांना रास्त वाटलें. पुढें महात्माजींनीं सत्याग्रह केला, जप्त्या झाल्या, आणि अखेर ऐपतदारांनीं सारा भरावा, गरिबांकडून घेऊं नये, अशा तडजोडीवर तो मिटला. हा सत्याग्रह आपण स्वातंत्र्याच्या इतिहासांत वाचतों आणि तें योग्यच आहे. पण मास्तराच्या चष्म्यांतून पाहिलें, तर त्याच्या तळाशीं एक साधें गणिताचें वाक्य आहे : अमुक इतक्या शेतांचें सरासरी पीक अमुक मर्यादेच्या खालीं आहे, कीं नाहीं? या वाक्याचा निकाल लावण्याचें साधन कोणत्याच बाजूपाशीं नव्हतें. चार आणे म्हणणारानें 'चारांत एक आणा इकडे-तिकडे' असें म्हटलें नाहीं, आणि सहा म्हणणारानेंहि नाहीं. नजरेला आपली चूक किती, हें सांगतां येत नाहीं, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

तसें साधन तेव्हां जगांत कोठेंच नव्हतें काय? अर्धें होतें. आयर्लंडांत डब्लिन येथें गिनेस नांवाची मद्याची मोठी पेढी आहे. तेथें विल्यम गॉसेट नांवाचा एक तरुण रसायनज्ञ नोकरीस होता. बार्लीचे, हॉप्सचे मोजकेच नमुने तपासून त्यांच्या सरासरीवर पेढीचा निर्णय घ्यावा लागे. नमुने हजार असते, तर जुन्या गणितानें भागलें असतें. पण ते असत पांच नाहीं तर दहा. एवढ्या थोड्या नमुन्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवावयाचा तो किती? १९०८ सालीं त्यानें या प्रश्नाचें उत्तर छापलें. पेढीच्या नियमामुळें स्वतःचें नांव घालतां येईना, म्हणून 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, अशी सही केली. गणिताच्या इतिहासांत इतका मोठा विद्यार्थी दुसरा नसेल. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : नमुने थोडे असतील, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंस सोडावयाची कसर जुन्या गणितापेक्षां अधिक रुंद सोडा, आणि किती रुंद, तें या कोष्टकांत पाहा.

उरलेलें अर्धें साधन तयार झालें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत, आणि येथें आपला माणूस भेटतो. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्गसन कॉलेजांतून पदवी घेऊन १९३३ सालीं लंडनला गेले. तें वर्षच असें होतें कीं, हेवा वाटावा. त्याच वर्षीं येर्झी नेमन हा पोलंडचा गणिती आणि त्या कॉलेजांतला ईगन पिअर्सन या दोघांनीं परिकल्पना-परीक्षणाचा आपला पायाभूत निबंध प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षीं नेमन स्वतः तेथें येऊन दाखल झाला, आणि जून १९३४ मध्यें रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें त्यानें नमुना-पाहणीवर एक निबंध वाचला. त्यांतच 'विश्वास-अंतराल' ही कल्पना इंग्रजी वाचकांपुढें प्रथम आली. सभेंतल्या चर्चेंत आर्थर बाउली या वडीलधाऱ्या संख्याशास्त्रज्ञानें शंका काढली, कीं हा 'विश्वास' म्हणजे भोळ्या माणसाला विश्वासांत घेऊन ठकविण्यांतला तर नव्हे ना! शंका अगदींच उडवून लावण्यासारखी नाहीं. तिच्याकडे मी पुन्हां येईन. सुखात्म्यांनीं याच गुरूंच्या हाताखालीं काम केलें, नमुना-पाहणीच्या सिद्धांतावरचा त्यांचा स्वतःचा निबंध १९३५ सालीं त्याच सोसायटीच्या पुरवणींत छापला गेला, आणि १९३६ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली.

आतां हीं साधनें आहेत तरी काय, तें पाहूं. आपल्या घरांत शितावरून भाताची परीक्षा रोज होते. एक शीत चेपून गृहिणी सगळ्या पातेल्याचा निकाल देते, आणि तो बहुधा चुकत नाहीं. कां? कारण पातेलें ढवळलेलें असतें. शिवार मात्र ढवळतां येत नाहीं. विहिरीजवळचें पीक एक, माळावरचें दुसरें. म्हणून संख्याशास्त्रानें युक्ति काढली : शिवार ढवळतां येत नसेल, तर हात ढवळा. कोणतें शेत घ्यावयाचें, हें कोणाच्या मर्जीवर न ठेवतां, यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून गट-नंबर काढावयाचा. त्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभें राहावयाचें, पुन्हां कोष्टकानें दिलेली इतकीं पावलें लांबीकडे, इतकीं रुंदीकडे चालावयाचीं, आणि जेथें पाऊल थांबेल तेथें खुंटी ठोकावयाची. मग दोरी लावून ठराविक मापाचा तुकडा आखावयाचा, कापावयाचा, मळावयाचा, तोलावयाचा. यास पीक-कापणी प्रयोग म्हणतात.

समजा, आमच्या एखाद्या महसूल मंडळांत बाजरीचे असे दहा तुकडे कापले, आणि वजनें किलोंत अशीं आलीं : ६, ९, ४, ७, ५, ८, ३, ७, ६, ५. हे आंकडे मीं उदाहरणासाठीं केलेले आहेत. बेरीज ६०, सरासरी ६. आणि समजा, टंचाईची मर्यादा ७ किलोंची आहे. सहा हे साताहून कमी, तेव्हां टंचाई आहे, असें सरळ मन म्हणेल.

संख्याशास्त्र म्हणतें, थांबा. हेच दहा तुकडे न निघतां दुसरे दहा निघाले असते, तर? म्हणून आधीं एक गृहीत धरावयाचें : मंडळाचें खरें सरासरी पीक मर्यादेइतकेंच, म्हणजे ७ किलोच आहे. यास शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी आहे म्हणून नव्हे, तर तिला आव्हान द्यावयाचें म्हणून धरावयाची. मग विचारावयाचें कीं, ती खरी असती, तर दहा तुकड्यांची सरासरी नुसत्या योगायोगानें एक किलोनें घसरण्याचा संभव किती? यासाठीं प्रत्येक वजनाचा सहापासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा. ती येते ३०. तिला नवांनीं भागून वर्गमूळ काढलें कीं १.८३ येतात, एकेक तुकडा सरासरीपासून किती भटकतो, याचें हें माप. पण दहांची सरासरी एकट्या तुकड्याइतकी भटकत नाहीं. म्हणून त्यास दहाच्या वर्गमूळानें भागावयाचें, उरतात ०.५८. ही सरासरीची प्रमाण त्रुटि. आपली सरासरी सातापासून एक किलो खालीं, म्हणजे पावणेदोन प्रमाण त्रुटींच्या अंतरावर. स्टुडंटच्या कोष्टकांत पाहिलें, तर इतका किंवा याहून मोठा फरक, वर नाहीं तर खालीं, निव्वळ योगायोगानेंहि शंभरांत बाराएक वेळां पडावयाचा. शंभरांत पांचाहून कमी वेळां घडणारी गोष्टच योगायोग मानावयाची नाहीं, असा जो संकेत आहे, त्या संकेतानें हा पुरावा अपुरा पडतो.

येथें एक मोठी चूक होते, ती शिकलेलीं माणसेंहि करतात. पुरावा अपुरा पडला, म्हणजे मंडळांत टंचाई नाहीं असें सिद्ध झालें, असें समजतात. कोर्टांत पुराव्याअभावीं सुटलेला मनुष्य निर्दोष असतोच असें नाहीं, तसेंच हें. नेमन आणि पिअर्सन यांनीं बजावलें तें हेंच, कीं चुका दोन आहेत. टंचाई नसतां ती आहे म्हणणें ही पहिली. टंचाई असतां ती नाहीं म्हणणें ही दुसरी. पहिलीचा भुर्दंड तिजोरीला, दुसरीचा शेतकऱ्याला. आपल्या उदाहरणांत खरें पीक सहाच किलो असेल, आणि दहाच तुकडे घेऊन वरच्या कडक संकेतानें परीक्षा केली, तर ती टंचाई तीनांत एखाद्याच वेळीं पकडली जाईल. बाकीच्या दोन वेळां निसटून जाईल. पहिली चूक शंभरांत पांचांवर बांधून टाकली, एवढ्यानेंच आपण न्यायी झालों असें मानणाराला या दुसऱ्या आंकड्याकडे पाहावयास लावलें पाहिजे.

आतां विश्वास-अंतराल. ०.५८ ला स्टुडंटच्या कोष्टकांतील २.२६ नीं गुणा, येतात १.३. सहांच्या दोन्ही बाजूंस तेवढी कसर सोडा : ४.७ पासून ७.३ पर्यंत. खरें सरासरी पीक या टप्प्यांत असावें, असें आम्ही पंच्याण्णव टक्के विश्वासानें म्हणतों. सात किलोची मर्यादा या टप्प्याच्या आंतच पडते, म्हणूनच मघाचा पुरावा अपुरा ठरला. दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या बाजू आहेत. आणि बाउलीसाहेबांची शंका येथें आठवावी. पंच्याण्णव टक्के हा विश्वास या एका टप्प्यावरचा नाहीं, रीतीवरचा आहे. हीच रीत शंभर मंडळांत वापरली, तर सुमारें पंच्याण्णव टप्प्यांत खरा आंकडा सांपडेल आणि पांचांत सांपडणार नाहीं. ते पांच कोणते, हें मात्र कोणालाच कळणार नाहीं. कोळ्याचें जाळें वीसांत एकोणीस वेळां मासा धरतें, म्हणून विसाव्या फेकींत मासा होताच, अशी शपथ घेतां येत नाहीं.

तुकडे दहांऐवजीं चाळीस घेतले, आणि वजनांची चढउतार तेवढीच राहिली, तर कसर निम्म्याहून थोडी कमी होते. मग टप्पा ५.४ पासून ६.६ पर्यंत, सात बाहेर पडतात आणि टंचाई सिद्ध होते. पीक तेंच, सरासरी तीच. निकाल बदलला तो तुकड्यांच्या संख्येनें. माझ्या त्या विद्यार्थ्याला मला हें सांगतां यावयास हवें होतें.

हीं साधनें आपल्या मातींत उतरलीं तीं १९४० नंतर. सुखात्मे त्या सालीं दिल्लीस इंपीरियल कृषि-संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र शाखेवर आले. इंदूरच्या वनस्पति-उद्योग संस्थेंत विनायक गोविंद पानसे कापसावर काम करीत होते. मध्यप्रांताच्या शेतकी खात्यांत कळमकर होते, ते तर इंग्लंडांत रोथॅम्स्टेड येथें राहून आलेले. पानसे आणि कळमकर यांनीं १९४२ च्या सुमारास वऱ्हाडांत, अकोला जिल्ह्यांत, कापसाच्या शेतांवर यादृच्छिक निवडीनें वेंचणीचे प्रयोग लावले. वर्षानुवर्षें नजरेनें ठरणाऱ्या आंकड्यापुढें प्रथमच असा आंकडा उभा राहिला, कीं ज्याला आपली चूक किती असेल हें स्वतः सांगतां येत होतें. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानें तर पिकाचा खरा आंकडा ही जीवनमरणाची गोष्ट आहे, हें सर्वांस पटविलें. परिषदेनें गहूं आणि भात यांवर हीच पद्धति चालविली, आणि स्वातंत्र्यानंतर ती देशभर पसरली. पानसे-सुखात्मे यांचें शेतकी कार्यकर्त्यांसाठींचें संख्याशास्त्रावरचें पुस्तक १९५४ सालीं निघालें, आणि कृषि-पदवीधरांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे पुढें रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत गेले; १९९७ सालीं ते पुण्यांत वारले.

त्यांच्या एका वादाची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस हे तागाच्या व भाताच्या पाहणींत अगदीं लहान तुकडे कापीत. लहान तुकडा लवकर होतो, त्यामुळें पुष्कळ घेतां येतात. पुष्कळ घेतले, कीं कसर कमी. गणित निर्दोष होतें. सुखात्म्यांनीं उत्तरेंत मुरादाबाद जिल्ह्यांतील गव्हांत लहान आणि मोठे तुकडे एकमेकांशीं ताडून पाहिले, आणि १९४६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखविलें, कीं फार लहान वर्तुळें घेतलीं तर उत्पन्न फुगून दिसतें. कारण मनुष्यस्वभाव. दोरीच्या नेमकी खालीं एक भरदार ताटवा आला, तर तो आंत धरावा कीं बाहेर? कापणाराचा हात त्याला आंत ओढतो. तुकडा लहान, तर त्याच्या क्षेत्राच्या मानानें कड मोठी, आणि कडेवरचे हे पाहुणेहि त्या मानानें अधिक. महालनोबीसांचें म्हणणें असें, कीं शिकविलेले, पगारी कामगार असले, तर हें टळतें. सुखात्म्यांचा भर खेड्यांतल्या महसुली नोकरांकडून होईल अशा कामावर होता. मला दोघांतहि तथ्य दिसतें. पण आमच्याकडचा अनुभव सुखात्म्यांच्या बाजूनें बोलतो. आणि यांतली खरी गोम अशी : विश्वास-अंतराल योगायोगाची चूक मोजतें, हाताचा कल मोजीत नाहीं. झुकत्या तराजूनें हजार वेळां तोललें, तर उत्तर फार नेमकें येईल, आणि फार नेमकें चुकलेलें येईल.

असा कल मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. एका सालीं आमच्या शिवारांत मक्याच्या कापणीस पंच म्हणून मला उभें केलें होतें. पावलें मोजतां मोजतां खुंटी आली ती पाणी साचून पीक जळालेल्या चिबडांत. दोरी धरणारा म्हणाला, "येथें कांहींच नाहीं, येथें काय कापावयाचें?" आणि खुंटी चार पावलें पुढें, हिरव्या मक्यांत गेली. त्याच्या मनांत कपट नव्हतें. रिकाम्या जागेचें वजन करणें त्याला वेडेपणाचें वाटलें, इतकेंच. पण त्या शेतांत जितका भाग चिबड होता, तितक्याच भागानें नमुन्यांत चिबड यावयास हवें होतें. मीहि तेव्हां बोललों नाहीं. मला ठाऊकच नव्हतें.

या चार पावलांची किंमत पुढें वाढली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनीं १९७६ सालीं पीकविम्याची एक योजना मांडली. प्रत्येक शेताचें नुकसान वेगळें मोजूं गेल्यास खर्च परवडणार नाहीं आणि लबाडीलाहि वाव मिळेल. म्हणून एकाच प्रकारच्या शिवाराचा एक प्रदेश धरावा, त्याचें सरासरी उत्पन्न कापणी-प्रयोगांनीं काढावें, आणि तें ठराविक मर्यादेच्या खालीं गेलें, तर त्या प्रदेशांतल्या सर्व विमेदारांस त्याच प्रमाणांत भरपाई द्यावी, असें त्यांचें म्हणणें. १९७९ सालीं याच तत्त्वावर प्रायोगिक योजना निघाली, १९८५ सालीं व्यापक पीकविमा आला, आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजनाहि याच पायावर उभी आहे. महाराष्ट्रानें २०२५ च्या खरिपापासून भरपाई कापणी-प्रयोगांच्या उत्पन्नावरच ठेविली. इकडे २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेनें टंचाई ठरविण्याच्या कामीं पैसेवारी मागें सारून पाऊस, जमिनींतली ओल आणि उपग्रहांतून दिसणारी हिरवळ यांना पुढें आणलें. म्हणजे मुलांच्या फीचा संबंध पैसेवारीपासून सुटत चालला, पण बापाच्या भरपाईचा संबंध सरासरीशीं पक्का झाला.

दांडेकरांचा विचार मला शहाणपणाचा वाटतो. शेजाऱ्याशीं भांडण नाहीं, पाहणी-अधिकाऱ्याची मनधरणी नाहीं. पण यांत सगळा भार दहाबारा तुकड्यांच्या एका सरासरीवर पडतो. आपल्याच उदाहरणांत पाहा : मर्यादा ७, सरासरी ६, म्हणजे तूट सातांत एक, सुमारें चौदा टक्के, भरपाई तेवढ्या टक्क्यांची. परंतु टप्पा ४.७ पासून ७.३ पर्यंत आहे. खरी तूट तेहतीस टक्के असूं शकेल, आणि मुळींच नसूंहि शकेल. शिवाय मर्यादा तरी कोठून आली? मागील सात वर्षांपैकीं चांगल्या पांच वर्षांच्या सरासरीवरून; म्हणजे तीहि अशाच प्रयोगांतून निघालेली, तिलाहि तिची कसर आहे. डळमळत्या फूटपट्टीनें डळमळती वस्तु मोजावी, तसें हें.

याचा अर्थ, भरपाई देण्यापूर्वीं कडक परीक्षा घ्यावी आणि पुरावा अपुरा म्हणून शेतकऱ्यास परत पाठवावें, असा मीं मुळींच काढूं देणार नाहीं. तसें केलें, तर वर सांगितलेली दुसरी चूकच सर्वत्र होईल. सरासरी साताच्या खालीं आली कीं द्यावें, हा नियम त्या मानानें दयाळू आहे. माझें मागणें लहान आहे. फलकावर मंडळाचें सरासरी उत्पन्न दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. त्याच्याशेजारीं प्रयोग किती झाले आणि कसर किती, हे दोन आंकडेहि लिहावेत. पानसे-सुखात्म्यांनीं ही कसर काढण्याची रीत सत्तर-ऐशीं वर्षांपूर्वीं शिकवून ठेविली. कसर लिहिली, कीं ज्या मंडळांत ती फार रुंद आहे तेथें पुढच्या सालीं तुकडे वाढवा, असें ग्रामसभेला म्हणतां येईल. ती लिहिलीच नाहीं, तर ५.९८ आणि ६.०२ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असें लोक समजत राहतील.

मघाशीं ज्या मुलाचा उल्लेख केला, तो आतां चाळिशींतला शेतकरी आहे. मका आणि कापूस करतो. गेल्या हंगामानंतर एका संध्याकाळीं घरीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, मंडळाचा आंकडा लागला, मर्यादेच्या थोडा वर आहे." मीं कागद घेऊन त्याला वरचें सगळें गणित करून दाखविलें. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग त्यानें विचारलें, "आमच्या मंडळांत तुकडे किती कापले होते?" मला माहीत नव्हतें, फलकावर लिहिलेलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें तो तहसिलींत गेला, अर्ज घेऊन. अर्जांत त्यानें भरपाई मागितली नव्हती; प्रत्येक तुकड्याचें वजन मागितलें होतें.